रक्तदाब नियंत्रणाचे आरोग्यशिक्षण : संशोधनाची बदलती दिशा आणि परभणीपुढील प्रश्न

परभणी - उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाच्या यादीत हमखास येणारे नाव, ही परभणीची ओळख हवामानाच्या बातम्यांमुळे साऱ्या महाराष्ट्राला झाली आहे. या दोन टोकांचा उच्च रक्तदाबाशीही संबंध आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात त्या प्रसरण पावतात आणि तो काहीसा उतरतो. मे महिन्यात "बीपी नॉर्मल आले" म्हणून स्वतःच गोळी बंद करणारा रुग्ण डिसेंबरच्या थंडीत अधिक धोक्यात असतो. त्याला रक्तदाब म्हणजे काय, हे ठाऊक नसते असे नाही. गोळी रोज आणि दीर्घकाळ का घ्यायची, एवढेच त्याच्या मनात उतरलेले नसते. माहिती असणे आणि ती आचरणात येणे यांतील हे अंतर कसे मिटवावे, याच प्रश्नाभोवती रक्तदाबविषयक आरोग्यशिक्षणाचे गेल्या पन्नास वर्षांतील संशोधन फिरत आले आहे.

आजाराचे स्वरूप

रक्तदाबाचा वरचा आकडा १४० किंवा खालचा आकडा ९० अथवा त्याहून अधिक आणि तोही वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावर आढळला, तर उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० पर्यंत खाली आणली. भारतातील सार्वजनिक आरोग्य कार्यक्रम मात्र १४०/९० हीच मर्यादा मानतो. बहुसंख्य रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नाही. डोके दुखले तरच बीपी वाढले, ही समजूत चुकीची आहे. त्रास नसल्यामुळे तपासणी होत नाही आणि तपासणी झाली तरी उपचार टिकत नाहीत. त्याचे परिणाम पुढे पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकाराच्या रूपाने दिसतात.

'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की भारतातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या विषयावरील आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील अंदाजानुसार ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख भारतीयांना हा आजार आहे. त्यांपैकी निदान झालेले ३७ टक्के, उपचार घेणारे ३० टक्के आणि रक्तदाब प्रत्यक्ष नियंत्रणात असलेले केवळ १५ टक्के आहेत. निदान, उपचार आणि नियंत्रण अशा प्रत्येक पायरीवर रुग्ण गळत जातात. अमेरिकेतील अभ्यासकांनी १९७० च्या दशकातच ही गळती नोंदविली होती. एकूण रुग्णांपैकी निम्म्यांचेच निदान होते, त्यांतील निम्मेच उपचार घेतात आणि त्यांतीलही निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात राहतो, असा तो ठोकताळा होता. आपल्याकडील चित्र त्याहून फारसे वेगळे नाही.

पहिला धडा पोलाद कामगारांचा

रुग्णाला आजार नीट समजावून सांगितला की तो औषध घेईल, हे गृहीतक सर्वांनाच स्वाभाविक वाटते. त्याची पहिली कठोर परीक्षा कॅनडात झाली. हॅमिल्टन येथील डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांच्या चमूने २३० पोलाद कामगारांवर केलेली चाचणी १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कामगारांच्या एका भागाला रक्तदाबाविषयी पद्धतशीर धडे देण्यात आले, तर काहींना कारखान्यातच वैद्यकीय सेवा पुरविण्यात आली. धडे घेणाऱ्यांचे ज्ञान वाढले, परंतु गोळ्या घेण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

पुढच्याच वर्षी त्याच चमूने औषधे न घेणाऱ्या कामगारांकडे नव्या पद्धतीने पाहिले. त्यांना स्वतःचा रक्तदाब मोजायला शिकविले, गोळी घेण्याची वेळ त्यांच्या रोजच्या सवयींशी जोडून दिली आणि दर पंधरवड्याला कोणीतरी भेटून विचारपूस केली. या वेळी औषध घेण्याचे प्रमाण वाढले. व्याख्यानापेक्षा सवय, स्वतःची नोंद आणि नियमित भेट अधिक उपयोगी ठरते, हा या दोन चाचण्यांनी दिलेला धडा आजही कायम आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यापुढचे पाऊल टाकले. डॉक्टरांच्या भेटीनंतर रुग्णाशी थोडा वेळ बोलून त्याला काय समजले याची खातरजमा करणे, घरातील एका व्यक्तीला उपचारात सहभागी करून घेणे आणि रुग्णांच्या छोट्या गटांच्या बैठका घेणे, असे तीन उपाय त्यांनी तपासले. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यशिक्षण मिळालेल्या रुग्णांत रक्तदाबाचे नियंत्रण चांगले होते आणि मृत्यूचे प्रमाणही कमी होते. आरोग्यशिक्षण नेमके कसे असावे, याचा हा अभ्यास आजही आदर्श मानला जातो.

संशोधनाचे प्रमुख प्रवाह

त्यानंतरच्या चार दशकांतील संशोधनात ढोबळमानाने पाच प्रवाह दिसून येतात.

पहिला प्रवाह ज्ञानाकडून वर्तनाकडे वळण्याचा आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात क्षयरोगाच्या तपासणीस लोक का येत नाहीत, याचा शोध घेताना 'आरोग्यविषयक समजुतीं'चे प्रारूप मांडले. आपल्याला धोका आहे, तो गंभीर आहे, उपायाने फायदा होईल आणि उपाय आपल्याला झेपेल, असे वाटले तरच माणूस कृती करतो, हे त्याचे सार आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासा'ची कल्पना याला पूरक ठरली. आपल्याकडील महाविद्यालयांतील अनेक अभ्यास मात्र अजूनही व्याख्यानाआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेण्यापाशी थांबतात. गुण वाढले म्हणजे रक्तदाब उतरला असे नव्हे, हे पोलाद कामगारांच्या चाचणीनंतर नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही.

दुसरा प्रवाह उपचारांच्या व्यवस्थेचा आहे. 'कॉक्रेन' या संस्थेने २०१० मध्ये ७२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ रुग्णांना किंवा केवळ डॉक्टरांना शिक्षण दिल्याने रक्तदाबात मोठी घट होत नाही, नियमित आणि पद्धतशीर फेरतपासणीने मात्र होते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील कॅथरिन मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या आढाव्यातही हेच दिसले. परिचारिका किंवा औषधनिर्माते यांना औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार असलेल्या सांघिक उपचारांत वरचा आकडा सरासरी ७.१ ने उतरला. वैयक्तिक मार्गदर्शनाने तो ३.९ ने आणि घरी रक्तदाब मोजण्याने २.७ ने उतरला. शिक्षण हवेच, पण त्याला व्यवस्थेची जोड हवी, असा याचा अर्थ आहे.

तिसरा प्रवाह आरोग्य कर्मचाऱ्यांचा आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांतील २,६४५ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. गावातील आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठविले. दोन वर्षांनंतर त्या वस्त्यांतील रक्तदाबाचा वरचा आकडा इतरांपेक्षा ५.२ ने अधिक उतरला. भारतात केरळमधील तिरुवनंतपुरम आणि आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी व ऋषी व्हॅली या भागांत आशा कार्यकर्त्यांनी दर पंधरवड्याला एक अशा सहा गटबैठका घेतल्या. तेथेही नेहमीच्या सेवेच्या तुलनेत नियंत्रणाचे प्रमाण अधिक वाढल्याचे २०२० मधील अहवालात नमूद आहे.

चौथा प्रवाह लोक जेथे जमतात तेथे जाण्याचा आहे. लॉस एंजेलिस शहरात कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत झालेली चाचणी या दृष्टीने गाजली. न्हाव्याने ग्राहकाला रक्तदाब तपासण्यास प्रवृत्त करायचे आणि औषधनिर्मात्याने दुकानातच येऊन उपचार करायचे, अशी तिची रचना होती. सहा महिन्यांत या गटातील वरचा आकडा २७ ने उतरला. न्हाव्यांकडून केवळ सल्ला मिळालेल्या गटात ही घट ९.३ होती. विश्वासातील माणसाचा शब्द आणि औषध एकाच ठिकाणी मिळाल्याचा हा परिणाम होता. फिनलंडमधील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ पासून राबविलेल्या प्रकल्पानेही गृहिणींच्या संघटनांना बरोबर घेऊन घराघरांतील स्वयंपाकाची पद्धत बदलली होती.

पाचवा प्रवाह मोबाईलचा आहे. येथे उत्साह अधिक आणि फळ मर्यादित, असा आजवरचा अनुभव आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन येथे १,३७२ रुग्णांना लघुसंदेश पाठविण्यात आले, परंतु रक्तदाबातील घट अल्प होती. हरियाना आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत झालेल्या 'एमवेलकेअर' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. संगणकीय सल्ला प्रणाली वापरणारी केंद्रे आणि प्रशिक्षण व माहितीपत्रके दिलेली केंद्रे यांच्यात रक्तदाबाच्या बाबतीत फरक आढळला नाही. यंत्र आठवण करून देऊ शकते, पण माणसाच्या विचारपुशीची जागा ते घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

राज्यातील ग्रामीण भागात या आजाराची किंमत किती मोठी आहे, हे गडचिरोलीने दाखवून दिले. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत तेथील १४.३ टक्के, म्हणजे सातपैकी एक मृत्यू पक्षाघातामुळे झाल्याचे आढळले. पक्षाघात हेच तेथील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते. उच्च रक्तदाब हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

असंसर्गजन्य आजारांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाला पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत प्रारंभ झाला. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. पुढे तो राज्यातील आणखी जिल्ह्यांत विस्तारला. या उपक्रमाचे सूत्र साधे आहे. सर्व केंद्रांत एकच उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टर-परिचारिका-आशा यांनी वाटून घेतलेले काम, घराजवळ फेरतपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची पाच अंगे आहेत. रुग्णाच्या हाती नोंदीचे कार्ड दिले जाते आणि ठरलेल्या दिवशी न आलेल्यांची यादी कर्मचाऱ्यांकडे असते.

चार राज्यांतील २४ केंद्रांत नोंदविलेल्या २१,८९५ रुग्णांच्या अभ्यासातून या पद्धतीचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. जे रुग्ण फेरतपासणीस आले, त्यांच्यात नियंत्रणाचे प्रमाण २६.३ टक्क्यांवरून ५९.८ टक्क्यांवर गेले. प्राथमिक केंद्रांतील सुधारणा ४८.१ टक्के गुणांची, तर मोठ्या रुग्णालयांतील सुधारणा २२.९ टक्के गुणांची होती. घराजवळचा दवाखाना अधिक परिणामकारक ठरला. परंतु जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीत किमान एकदा तपासणीस आलेले रुग्ण एकूण नोंदणीच्या ५१ टक्केच होते. उरलेल्या निम्म्या रुग्णांना परत आणणे, हेच आरोग्यशिक्षणापुढील आजचे खरे आव्हान आहे. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कारही मिळाला.

परभणीच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके असून, बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. बाहेरचे संशोधन येथे लागू करताना तीन गोष्टींचा विचार करावा लागेल.

पहिली गोष्ट स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परभणी जिल्ह्यातील मजूरही त्यांत असतात. त्यांना महिनाभराची औषधे देऊन पुढच्या महिन्यात येण्यास सांगणे व्यर्थ आहे. थंडीचे म्हणजे रक्तदाब वाढण्याचे महिनेच ते गावाबाहेर काढतात. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत उपक्रमातील जिल्ह्यांत औषधे उपकेंद्रांपर्यंत आणि काही ठिकाणी रुग्णांच्या घरापर्यंत पोहोचविण्यात आली होती. जाण्यापूर्वी अधिक दिवसांची औषधे आणि सोबत नोंदीचे कार्ड, एवढी व्यवस्था झाली तर कारखान्याजवळच्या केंद्रातही उपचार पुढे चालू राहू शकतात.

दुसरी गोष्ट मिठाची. भारतीयांच्या आहारातील बहुतांश मीठ घरच्या स्वयंपाकातून येते. मराठवाड्यातील ज्वारीची भाकरी या बाबतीत निर्दोष आहे. मीठ येते ते तिच्याबरोबरच्या ठेच्यातून, लोणच्यातून, पापड-कुरडयांतून आणि कालवणातून. "मीठ कमी खा" हा सल्ला जेवणाऱ्या पुरुषाला देऊन उपयोग नाही. तो स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीपर्यंत आणि तोही मापाच्या भाषेत पोहोचला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच प्रौढांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा महिन्याला ७५० ग्रॅम होते. लोणचे-पापडातील मीठही यातच मोजायचे आहे. म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल, तर घरात मीठ जास्त खाल्ले जाते, हे कोणत्याही चाचणीविना कळते.

चीनमधील ६०० गावांत २०,९९५ लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेले मीठ वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाची सशर्त शिफारस केली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी मात्र ते वापरू नये. रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही शरीरातील पोटॅशियम वाढते. त्यामुळे औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारणे इष्ट.

तिसरी गोष्ट स्थानिक संस्थांची. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाकडे ज्वारीच्या 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशा वाणांची परंपरा आहे, तसेच अन्न व पोषण आणि विस्तार शिक्षण या विषयांचे अध्यापनही आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२३ मध्ये सुरू झाले. एका संस्थेकडे आहाराचे आणि गावापर्यंत पोहोचण्याचे ज्ञान, तर दुसरीकडे उपचारांचे ज्ञान आहे. दोहोंनी एकत्र येऊन आशा कार्यकर्त्या आणि महिला बचत गटांच्या साह्याने वर्षभराचा अभ्यास हाती घेतला, तर प्रश्नावलीतील गुणांऐवजी प्रत्यक्ष रक्तदाब आणि टिकून राहिलेले रुग्ण मोजता येतील. अशा अभ्यासाला उन्हाळा, हिवाळा आणि तोडणीचा हंगाम असे तिन्ही काळ पाहावे लागतील. दोन महिन्यांत उरकलेल्या पाहणीतून परभणीचे उत्तर मिळणार नाही.

वाचकांसाठी

- तिशी उलटलेल्या प्रत्येकाने त्रास नसला तरी रक्तदाब तपासून घ्यावा. आरोग्यवर्धिनी केंद्रांत ही सोय आहे.
- मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी.
- आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.
- गोळी घेण्याची वेळ दात घासणे, सकाळचा चहा अशा रोजच्या सवयीशी जोडावी.
- रक्तदाब नियंत्रणात आला, याचा अर्थ औषध लागू पडत आहे. ते स्वतःहून बंद करू नये. उन्हाळ्यात चक्कर येत असेल, तर मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.
- घरातील एका व्यक्तीला औषधांची आणि पुढच्या तारखेची माहिती असावी.
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

दरवर्षी १७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिन पाळला जातो. शिबिरे होतात, फेऱ्या निघतात, पत्रके वाटली जातात. ऐन उन्हाळ्यात येणाऱ्या या दिवशी शिबिरातील काहींचा आकडा समाधानकारकही दिसतो. शिबिरात नाव नोंदविलेल्यांपैकी किती जण डिसेंबरमध्ये गोळ्या घेत आहेत, हे ज्या दिवशी तितक्याच आस्थेने तपासले जाईल, त्या दिवशी पन्नास वर्षांच्या संशोधनाचा धडा आपण घेतला, असे म्हणता येईल.